मिकान

वरुडच्या मंडीमागं, संत्र्याच्या शेडात,
प्रतवारी करताना
एका कानात गुणवंताभाऊ मुकादम,
दुसऱ्यात वायर, अन् वायरीत चिओरी, जपानची.
पेनड्राइव्हमध्ये आली होती, चुकून,
भजनं अन् डीजेच्या मधात.

एकोणीसची होती तेव्हा. स्टेशनबाहेर उभी राहून
स्वतःच लिहे, स्वतःच चाल लावे,
पेटीत चिल्लर पडे.
हे नंतर समजलं, पुतण्यानं फोनवर वाचून दाखवलं.
मी तेव्हा दहावीत, गणितात राह्यली होती.

तिचा पयला नंबर आला त्या आंबिया बहारात
माह्या हाताले न पाहता वजन समजू लागलं.
तिनं घुमटाखाली पन्नास हजार माणसं उभी केली
तेव्हा मी जरूडले सासरी,
दीड महिन्यात वापस.
मग तिचा आवाज बसला.
तीन वर्षं शेड नुसतं शेड होतं.

यंदा आली. आवाज जाड, खरबरीत,
डागी सालीसारखा.
गुणवंताभाऊ म्हणे, 'काय समजते वं तुले त्यातलं?'
म्हटलं, काहीच नाई.

कडव्याच्या शेवटी ती दोनदा म्हणते, 'मिकान'.
परवा पुतण्यानं सांगतलं,
मिकान म्हणजे संत्रं.
तिची माय विके म्हणे, टेकडीच्या उतारावर.

बारा वर्षं मी ते ऐकत होती
अन् संत्री उचलत होती.

डागी माल दोन नंबरच्या क्रेटात जाते.
आज एक पदरात ठेवलं.
सोललं नाई अजून.