एकटदुकट

शाळेचा कागद तीन दिवस फ्रिजवर आहे,
केळ्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
सहावीतल्या मुलांनी एकट्यानं घरी यायला हरकत नाही,
खाली पालकांच्या सह्या.
सह्यांना दोन ओळी. दुसरी रिकामी चालते,
असं ऑफिसातल्या मिसेस हॅब्लेटनी सांगितलं
माझ्याकडे न बघता, चांगुलपणानं.

शाळेपासून आमच्या दारापर्यंत अकरा मिनिटं.
टेनफुटातून आलं तर आठ.
टेनफूट म्हणजे हल गावातला घरांमागचा बोळ,
दहा फूट रुंद,
कचऱ्याचे डबे आणि कुणाचं तरी गंजलेलं ट्रॅम्पोलिन.

कागदावरचा इंग्रजी शब्द इस्त्री केलेला आहे.
मला मात्र सही करायची तर
आधी आपल्यातला शब्द हवा.

मोकाट म्हणावं, तर ती गुरं, कुत्री.
वाऱ्यावर सोडली म्हणावं,
तर इथला वारा हंबर नदीवरून येतो,
परवा माझी छत्री घेऊन गेला, परत आणली नाही.
बेवारस असते ती स्टेशनातली बॅग:
माणूस चहा आणायला गेला पाच मिनिटं
की तिचे सगळे वारस मेलेच.
सडाफटिंग फक्त पुरुष.
बाईला तो शब्द होतच नाही, मी करून पाहिला.
आणि एकलकोंडी तर मीच,
आई म्हणायची तसं, पाहुण्यांदेखत, शेवया मोडता मोडता.

एकटदुकट मात्र थांबवतो मला.
एकटीदुकटीनं जाऊ नको गं,
म्हणजे भाषेनं आधीच ठरवून टाकलंय
की दोघी असल्या तरी
एकट्यातच धरायच्या.
वल्लरी आणि मी.
वर एक खोली, खाली एक,
मधे करकरणारा जिना.

गडहिंग्लजला आमच्या शेजारी शेवंताक्का.
मालक एसटीत ड्रायव्हर.
वस्तीची गाडी असली की रात्री ते कुठल्यातरी खेड्यात,
आणि ही कुंपणाशी:
"पोरगी द्या हो आज सोबतीला."
मी उशी काखेत मारून निघायचे.
वय वर्षं नऊ, वजन बावीस किलो,
एका अख्ख्या बाईची राखण.
रात्री कौलावर काही वाजलं
की ती मला हलवायची, "झोपलीस?"
"नाही, आहे," मी झोपेतच म्हणायचे.
तेवढ्यावर ती पाय ताणायची.
सकाळी गुळाचा चहा, बशीतून.
त्याला कुणी कागद केला नव्हता,
आणि आमच्या दोघींत मोठं कोण
ते विचारलं नव्हतं.

मी सही केली. उभ्यानंच, भिंतीवर कागद धरून,
म्हणून ती वाकडी आली.

सोमवार. लॅबची रात्रपाळी करून आले होते,
झोपायला हवं होतं.
तीन वीसला शाळा सुटते.
तीन एकतीसला मी खिडकीशी.
तीन चौतीस.
समोरची डोरीन डबा आत ओढत होती,
तिनं हात केला, मी केला,
दोघींनी खूप वेळ केला.
तीन अडतीस.
घर इतकं रिकामं की
किटली आपली आपण बंद झाली
तर मी दचकले.

मग कुलपात किल्ली फिरली. एकदा उलटी, मग सुलटी.
केसांत सगळा वारा,
एक मोजा खाली, हातात लायब्ररीचं पुस्तक.
"टेनफुटातनं नाही आले, लांबनं आले," म्हणाली,
आणि उभ्या उभ्याच ब्रेड खाऊ लागली.
मग माझ्याकडे बघून,
तिच्या त्या मोडक्या, मला फार लागणाऱ्या मराठीत:
"तू एकटी होती? पूर्ण टाइम?"

मला उत्तर सुचेना.
तिनं लोणी लागलेला हात स्कर्टला पुसला.
"उद्या तू झोप ना.
माझ्याकडे की आहे."

मंगळवारी मी झोपले,
मोजे न काढता, तीन वाजता.