अवधाण

दापोलीच्या लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते,
सकाळी आठ ते दोन,
नावं चुकली तर साडेतीन.

काल हर्णैहून द्वारकी चोगले आली,
पदराला बर्फाचा नि बांगड्याचा वास.
लिफाफा काउंटरवर आपटून म्हणाली,
"गो बाय, ह्यात काय लिवलंय त्ये वाच.
घरची दोन दिस धड जेवली नाहीत."

लिहिलं होतं: जांघेतली गाठ.
रिअॅक्टिव्ह लिम्फॉइड हायपरप्लाझिया.
मीच टाइप केलेलं, स्पेलिंग दोनदा तपासून.
अर्थ तपासायची वेळ कधी आली नव्हती.

मग सांगत गेले, जमेल तसं:
रक्ताच्या जोडीनं अंगात एक बिनरंगाचं पाणी फिरतं,
त्याच्या वाटेवर गाठी बसलेल्या असतात,
खाजणाच्या बांधाला उघाडी असते ना, तशा.
खारं पाणी आत घुसू लागलं
की तिथे अख्खी वाडी धावते,
फळ्या, चिखल, आरडाओरडा.
ही सूज म्हणजे ती गर्दी.

ती ऐकत होती, पाय बाकावर घेऊन.
टाचेत शिंगाळ्याचा काटा घुसल्याची काळी खूण,
महिन्यापूर्वीची, लिलावाच्या घाईतली.

"म्हंजे अवधाण!" ती म्हणाली.
"मंग अवधाण म्हण की सरळ.
पायाला लागलं, जांघेला कळलं.
आंबेहळद लावून गप बसले असते."
आणि हसली इतकी मोठ्यानं
की रक्त द्यायला आलेले मास्तर दचकले.

रात्री शब्दकोश काढला.
अवधाण: पायाच्या जखमेनं जांघेत येणारी गाठ.
जवळच, एका अक्षराच्या फरकानं,
अवधान: लक्ष.
कोणी कोणाचं नाव घेतलं, कोशात नाही.
टाच दुखली
आणि जांघेनं लक्ष दिलं, एवढं मला पुरलं.

पण खणात दुसरा लिफाफा आहे.
आंजर्ल्याचा मुलगा, वय अठरा, मानेतली गाठ.
तेच पेशीजाल, काचेवर तोच जांभळा रंग,
फक्त शब्द निराळा.
डॉक्टर गुरुवारी येतात. उद्या बुधवार.
त्याची आई उद्याच येईल, आणि म्हणेल, वाच.

त्या शब्दाला खाडीच्या अल्याड-पल्याड
कुणाच्या तोंडी घरचं नाव नाही.
उघाडीची गोष्ट इथे चालणार नाही,
इथे उघाडीच बिघडली आहे.

टाइप करताना त्या ओळीवर बोट थांबलं होतं माझं.
स्पेलिंग बरोबर होतं.