रकाना

रात्री सव्वादोनला तिने सासूला उठवलं नाही,
बेलही दाबली नाही.
खाटेच्या लोखंडी दांड्यावर नखानं
टक, टक. एवढंच.
मी गेले.

वैजयंती हेडाऊ, तांडापेठ, वय सव्वीस,
पोट चिरून मुलगी, काल दुपारी.
दाब एकशे अठ्ठावन्न, खाली एकशे दोन.
कूलरच्या ओल्या हवेत अख्खा वॉर्ड घामेजलेला,
खिडकीच्या जाळीला टेकून मे महिन्याचं नागपूर जागं.

"दुखते का?"
"नाई जी. काई नाई."
ओठ दाताखाली, टाक्यांवर उशी दाबलेली.
बाजूच्या खाटेवरल्या काकूनं सांगून ठेवलं होतं,
दुखते म्हटलं का गोयी देतीन, गोयीनं बीपी चढते,
मंग त्या बाईवानी झटके, अन् वरचा मजला.
"मले पोरीपाशी राह्याचं हाय, सिस्टर."

काकूला काय बोलणार?
अठरा वर्षांपूर्वी मीही हेच शिकले:
दाबाच्या बाईला ती गोळी नाही.
लाल पेनानं लिहायचे, खाली दोन रेघा.
परवा राउंडला नव्या मॅडम म्हणाल्या,
किडनीचा रिपोर्ट बघा, लघवी बघा, मग द्या,
अन् दाब मोजत राहा.
दुखण्यानंही दाब चढतो, ते कुठं लिहिता?

कुठंच नाही.
तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

कफ बांधता बांधता उगाच विचारलं,
"घरी माग आहे का अजून?"
डोळे पूर्ण उघडले तिचे.
सासरा विणतो, ती कांड्या भरते.
"ताणा लई ओढला तं तुटते जी,
सैल सोडला तं कापडच नाई होत..."
आणि मध्येच थांबली,
पोटात काहीतरी ओढलं गेलं म्हणून.

रिपोर्ट पाहिला. पिशवी पाहिली.
मॅडमना फोन केला, त्या झोपेतून म्हणाल्या, द्या.
गोळी, दोन घोट पाणी, दोन चाळीस.
मग ती कण्हली, मोठ्यानं,
सासू दचकून उठली, "कावून वो?"
कोणी काही सांगितलं नाही.

मी पट्टीनं तक्त्याच्या कडेला एक रेघ ओढली,
वर लिहिलं: दुखणं.
खाली, तिला विचारून: दहापैकी आठ.

तीन चाळीसला एकशे छप्पन.
काही सिद्ध होत नाही त्यानं.
दुखणं मात्र पाच.

पाचला गेले तेव्हा लेक छातीशी, दोघी गाढ.
कफ हातात घेऊन मी उभी,
उठवू की नको.
झोपेतच तिनं हात पुढे केला.