मुठीच्या फेऱ्या

भांगाचं पाणी. आचऱ्याची खाडी जेमतेम हलते.
जुन्या जाळ्याचे दोन बोये, मधे दोर:
कुबल सरांनी ओहोटीला चिखलातून,
चपला हातात घेऊन मोजलेले पंचवीस मीटर.

आज मुठी मिटून आठ फेऱ्या.
बोट उघडलं तर ती फेरी धरायची नाही.

मिटल्या मुठीला पाणी भीक घालत नाही.
“कोपर वर! हाडानं ओढ!”
ओढते. जागच्या जागी.
कोळंबीसुद्धा पुढे जाईल.

आई काठावर कालवं फोडते.
“तिसऱ्या वर्साक पेवाक लागलां ह्यां चेडू,
आता तुमी काय नवीन शिकवतास?”
सर शर्टाला घड्याळ पुसतात.
“ती पेवते, वहिनी. अजून पोहत नाही.”

खरंय. डोकं अजून वर येतंच.
बाबांनी होडीवरून सोडलं तेव्हा
उलांडीकडे बघत शिकले,
नाहीतर कपाळमोक्ष.
ती भीती मानेत राहिलीय,
पाण्याची कधीच नव्हती.

सहावी. खांद्यात वाळू भरत जाते.
सातवी सर धरत नाहीत,
अंगठा सुटला होता म्हणे.
पुन्हा सातवी.
आठवी कशी झाली ते ठाऊक नाही.

“आता उघड.”

आणि तळहात केवढा असतो!
पाणी हाताला लागतं
मोदकाच्या उकडीसारखं, दाट,
धरावं तेवढं येतं, ढकलावं तेवढं जातं,
बोया कपाळावर येऊन आपटतो.

सर घड्याळ दाखवत नाहीत.
“मान परत वर,” एवढंच.
आई खो खो हसते.

आठवड्यानं उधाण लागेल, दोर गुंडाळावा लागेल.
मी अंगठा आत घेऊन
मूठ मिटते.