गव्हर्नर

उद्यमनगरच्या शेडमध्ये तात्यांचं ऑइल इंजिन
एकाच ठोक्यानं चालायचं.
वेग वाढला की गव्हर्नरचे गोळे फाकायचे, डिझेल तोडायचे.
उतरला की मिटायचे.
मिनिटाला साडेसहाशे फेरे. भार असो, नसो.
तात्या जेवायचेही त्याच ठोक्यात,
आणि ताट वाढायला उशीर चालायचा नाही.

आता शाहूवाडीच्या सड्यावर
माझ्याकडं एकवीस पवनचक्क्या.
तात्या बघायला आले, मान वर करून उभे राहिले.
"हिचा ठोका का चुकालाय गं?"

चुकत नाही, तात्या. वारा पाचाचा तर ही सावकाश,
नवाचा तर पळती.
पात्याचं टोक वाऱ्याच्या सातपट राहिलं पाहिजे,
एवढं एकच तिनं धरलंय.
"आणि लाईन? तिला तर पन्नासच लागतंय."
खाली कन्व्हर्टर आहे.
वेडीवाकडी वीज उसवतो,
पन्नासच्या टाक्यानं पुन्हा शिवतो.

तेवढ्यात घाटाकडून झोत आला.
पाती आपल्या मुळाशी जराशी वळली, वारा सांडू दिला.
"अंग चोराली की ही!" तात्या हसले.
चोरलं नाही तर मोडेल.

त्या पलीकडच्या तीन जुन्या, मी दाखवल्या,
त्यांचा वेग बांधलेला.
झोत आला तरी त्या पळत नाहीत, वळत नाहीत.
"मग मार कोण खातंय?"
गिअरबॉक्स. दात झिजतात.

तात्यांनी पुढं विचारलं नाही.
जुन्या सोळा नंबरच्या खांबाला
टोपी काढून कान लावला.
बराच वेळ.
आई जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.
मी उगीच लॅपटॉपची वायर गुंडाळत बसले.

बांबवड्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.
रसाच्या गाड्यापाशी थांबलो,
पेला हातात धरूनच म्हणाले,
"सोळा नंबरचा एक दात गेलाय.
फेऱ्यागणिक एकदा अडखळतंय. आत बघ."

स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.
तापमान बरोबर, तेल बरोबर, कंप मर्यादेत.

सकाळी हार्नेस बांधून वर चढले,
झाकणाचे आठ बोल्ट काढले, टॉर्च मारला.
पिनियनच्या एका दाताची कपची उडालेली,
नखाएवढी.
तेलाच्या तळाशी ती चमकत होती.

ती रुमालात बांधली.
तात्यांना दाखवायची की नाही,
उतरताना दोनशे पायऱ्या मोजल्या, तरी ठरलं नाही.