गीतांची पाटी

फतेगंजच्या देवळात
गीतांच्या पाटीवर आकडे मी लावते.
आधी ओबेददादा लावायचा,
स्टुलावर न चढता.

लाकडी इंग्रजी आकडे, बिस्किटांच्या डब्यात.
नऊ एकच उरलाय.
दुसरा लागला तर सहा उलटा करून भागवायचं,
ही त्याचीच युक्ती.

प्रभू, अकरा आठवडे गुडघे टेकले.
सयाजीत, डायलिसिसच्या खोलीबाहेर
पाळकसाहेब गुजरातीत बोलले, मी मराठीत.
तुला दोन्ही कळतात म्हणे.
मग ते म्हणाले, त्याची इच्छा.
रणपिसे मावशींनी मान हलवली. कुणीतरी चहा आणला.

मला इच्छा नको होती. भाऊ हवा होता.

परतताना काळ्या घोड्याच्या पुलावर रिक्षा थांबवली.
विश्वामित्रीत मगर होती,
नुसते डोळे वर,
पाणीसुद्धा हलत नव्हतं.
तू तसा आहेस का?
बघतोस, एवढंच?
की ते नुसतं लाकूड होतं
आणि मगर मीच म्हटलं त्याला?

आज डबा बाकावर उपडा केला,
पुस्तक पहिल्यापासून चाळलं.
स्तुतीची गीतं दीडशे, आभाराची साठ,
कापणीच्या सणाचीसुद्धा आहेत.
भांडणाचं एक नाही.

घंटा झाली. पाटी कोरी.
लोक घसे खाकरतायत.
पेटीवर रूबेन, भात्याला हात लावून
माझ्याकडे बघतोय: कुठला सूर?

मी स्टुलावरच.
हातात सहा.
खाली उतरत नाही, निघूनही जात नाही.
उलटा करू की नको,
तेवढं तरी बोल.