मार्टिनचा झाडू

पुतळा पुण्याहून मालट्रकमधून आला,
भुशात, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून.
फादरनी सुतळी कापली.
काळा चेहरा, पांढरा झगा, वर काळा डगला,
पायाशी एकाच ताटलीत
कुत्रा, मांजर, उंदीर.
उजव्या हाताची मूठ वळलेली,
आणि मुठीत काहीच नाही.
टेंभुर्णीजवळ खड्डा लई मोठा होता,
ड्रायव्हर म्हणाला.

आई पायरीवर खराटा घेऊन उभी होती.
ह्याच्या हातात काय होतं?
झाडू, फादर म्हणाले.
आई हसली नाही.
अकरा वर्षं जे बाक पुसत होती
त्यातल्या एकावर पहिल्यांदा बसली.
म्हणाली, सांगा.

चारशे वर्षं झाली. लिमा नावाचं शहर.
आई गुलामीतून सुटलेली, बाप गोरा सरदार,
बाप्तिस्म्याच्या वहीत बापाच्या जागी: अज्ञात.
पोर न्हाव्याच्या हाताखाली शिकला
केस कापायला, जखम धुवायला, बांधायला.
मठाच्या दाराशी गेला तर कायदा आडवा:
या रक्ताला व्रत नाही.
झाडायला चालेल.
मग झाडत राहिला.
रात्री वाटेवरचे आजारी उचलून
आपल्या खाटेवर निजवत राहिला.
मठ कर्जात बुडाला तेव्हा म्हणाला,
मला विका.

थांबा, आई म्हणाली.
हे परत सांगा.
फादरनी परत सांगितलं.
आई खराट्याच्या काड्या
एकेक करून सरळ करत होती.

उंदरांनी मठाची कापडं कुरतडली,
यानं विष घालू दिलं नाही.
एका उंदराला म्हणाला, सगळ्यांना घेऊन बागेत जा,
जेवण मी आणतो.
आता मात्र आई हसली.
माझ्या बापानं मिलच्या गोदामात
जन्मभर उंदीर मारले फादर,
शेपट्या मोजून पैसे.
बोलून बघायचं कुणाला सुचलंच नाही की!

वीतभर झाडू तिनंच केला,
शिंदीच्या पानांचा.
बांधायला तांबडा धागा
शेजारच्या नरसम्मा बोद्धूलच्या मागावरचा,
चादरीतून उरलेला.
मुठीत बरोबर बसला.

त्या साली मार्टिनचा सण
नेमका लक्ष्मीपूजनाला आला.
नरसम्मा आपला धागा बघायला चर्चमध्ये आली,
कमरेला कुंकवाचा करंडा.
घरच्या केरसुणीला लावून आली होती,
हिलाही लावलं.
मार्टिनच्या अंगठ्याला थोडं लागलं.
रेल्वे लाइनीतल्या सिसिलियाबाईंनी रुमाल काढला,
फादर खोकले,
रुमाल परत पर्समध्ये गेला.
मिस्सा सुरू झाली.
आई बाहेर फटाक्यांचा कागद गोळा करत होती,
आत ये म्हटलं तर म्हणाली,
एवढं झालं की येते.

आई गेल्याला चार वर्षं झाली.
शिंदीची पानं झडून
मुठीत आता नुसता दांडा आहे, आणि धागा.

मी सिव्हिलला नर्स.
काल रात्री तीन वाजता
सलाईनच्या स्टँडमागं उंदीर दिसला.
हातात फिनेलचा पोचा होता, उचललासुद्धा.
मग डब्यातला कडक भाकरीचा तुकडा काढला,
खिडकीबाहेर कट्ट्यावर ठेवला
आणि हळू आवाजात म्हटलं,
बाहेर जा बाबा, इथं माणसं आजारी आहेत.

सात नंबरचा म्हातारा जागा होता.
कुणाशी बोलताय सिस्टर?
काही नाही म्हटलं,
आणि त्याची चादर पायावर ओढली.
सोलापुरीच होती,
एका कडेला कुरतडलेली.